हातांनी घडलेला ग्रंथ : काचपेटीपासून वाचकाच्या हातापर्यंत

ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीशी उभ्या असलेल्या सभासदाला हवे ते पुस्तक 'बाहेर गेलेले' असले, तर तो दुसरी प्रत मागतो आणि ती मिळाली की समाधानाने घरी जातो. एका प्रतीचे काम दुसरी प्रत तितक्याच चोखपणे करते, हे त्याला इतके अंगवळणी पडलेले असते की त्यात काही नवल आहे असे त्याला वाटत नाही. वस्तुतः ही मुद्रणयंत्राची देणगी आहे. ग्रंथाचा आत्मा मजकुरात असतो आणि कागद, शाई, शिवण ही त्याची केवळ वस्त्रे, हा आपला समजही या यंत्रानेच दृढ केला.

या समजाला छेद देणारा एक ग्रंथप्रकार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगभर नावारूपास आला. त्यात कागद, अक्षर, रंग, घडी आणि शिवण ही मजकुराइतकीच बोलकी असतात. एखादा चित्रकार किंवा कारागीर ग्रंथ हीच आपली कलाकृती मानून तो घडवितो. त्याच्या प्रती थोड्या निघतात, आणि पुष्कळदा कोणत्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. यास 'कलावंताचा ग्रंथ' किंवा 'हस्तनिर्मित ग्रंथ' असे म्हटले जाते. आज मोठ्या ग्रंथमेळ्यांतून अशा ग्रंथांची दालने आढळतात. परंतु ग्रंथमेळा हा मुळात हजारो प्रतींच्या उलाढालीचा बाजार. तेथे या अल्पसंख्य ग्रंथाने कसे यावे, आणि तो मांडावा तो पाहण्यासाठी की उघडून वाचण्यासाठी, हा प्रश्न त्याच्या जन्मापासून त्याच्या मागे लागलेला आहे. या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या नगरांत कशी दिली गेली, याचा इतिहास ग्रंथालयांनाही काही सांगणारा आहे.

जोवर प्रत्येक ग्रंथ हातानेच होत होता, तोवर त्याचे प्रदर्शन मांडण्याची कल्पना कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते. आपल्याकडील पोथ्या रुमालात बांधलेल्या असत, दोन्ही बाजूंस लाकडी पाट्या असत आणि त्या उघडल्या जात त्या पठणासाठी. पोथीच्या अखेरीस लेखनिक पुष्कळदा एक संस्कृत विनवणी लिहून ठेवीत असे. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून आपल्याला जपावे आणि मूर्खाच्या हाती देऊ नये, असे तेथे पोथीच जणू वाचणाराला सांगते. या विनवणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की पोथी कोणाच्या तरी हाती जाणारच आहे. चिंता आहे ती हात चांगला असावा एवढीच.

मुद्रणाच्या आरंभकाळीही हात एकदम बाजूला झाला नाही. इ.स. १८०५ मध्ये मिरजेस भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. म्हणजे छाप यंत्राचा असला तरी अक्षर कोरणाऱ्याच्या मनगटाचेच होते. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापाचे पंचांग काढले. शिळाछापात तर लेखनिकाचे वळण जसेच्या तसे कागदावर उतरते. छापील अक्षर सोवळ्यात चालेल काय, ही शंका दूर करण्यासाठी गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप वापरल्याची हकीगत मराठी मुद्रणाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. खिळ्यांचे छापखाने स्थिरावल्यावरही कितीतरी वर्षे धार्मिक ग्रंथ आडव्या, सुट्या पानांच्या पोथीच्या आकारातच छापले जात होते. वाचणाऱ्याच्या हाताची सवय यंत्रालाही काही काळ पाळावी लागली, असा याचा अर्थ.

ग्रंथातील हाताचे काम ही 'पाहण्याची' गोष्ट झाली ती यंत्राचा विजय पूर्ण झाल्यानंतर, आणि त्याचे एक ठिकाण व एक दिनांकही सांगता येतो. १८८८ च्या शरद ऋतूत लंडनमधील रीजंट स्ट्रीटवरच्या न्यू गॅलरीत 'आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटी'चे पहिले प्रदर्शन भरले. चित्रकार वॉल्टर क्रेन हे संस्थेचे अध्यक्ष होते. खुर्च्या, पडदे, मातीची भांडी, भरतकाम आणि पुस्तकबांधणी यांना चित्र-शिल्पांच्या बरोबरीने मांडावे, हा संस्थेचा आग्रह होता. दुसरा आग्रह अधिक महत्त्वाचा होता. वस्तूचा आराखडा करणाऱ्याच्या नावाबरोबरच ती प्रत्यक्ष घडविणाऱ्या कारागिराचेही नाव सूचिपत्रात यावे, असे या मंडळींनी ठरविले होते. आजवर दुकानाच्या पाटीमागे झाकलेले हात अशा रीतीने छापील यादीत आले.

याच प्रदर्शनाच्या निमित्ताने १५ नोव्हेंबर १८८८ रोजी एमरी वॉकर या मुद्रणतज्ज्ञाचे व्याख्यान झाले. त्याने पंधराव्या शतकातील जुन्या छापील पानांची छायाचित्रे दीपाच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखविली. श्रोत्यांत विल्यम मॉरिस होता. कवी, रचनाकार आणि समाजवादी पुढारी अशी त्याची ख्याती होती. व्हेनिसचा जुना मुद्रक निकोलस जेन्सन याचे अक्षर भिंतीएवढे झालेले पाहून मॉरिसच्या मनाने घेतले, आणि त्यातून १८९१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ भागात केल्मस्कॉट प्रेस उभा राहिला. कागद तागाच्या चिंध्यांपासून केंट परगण्यात हाताने केलेला, शाई जर्मनीतील हॅनोव्हरहून मागविलेली, खिळे स्वतः आखलेले आणि यंत्र हाताने दाबण्याचे. सात वर्षांत या छापखान्यातून ५३ ग्रंथ निघाले. त्यांतील शिरोमणी म्हणजे १८९६ साली पूर्ण झालेला चॉसरच्या काव्याचा ग्रंथ. त्यात एडवर्ड बर्न-जोन्सची ८७ चित्रे आहेत. कागदावर ४२५ आणि चर्मपत्रावर अवघ्या १३ प्रती काढण्यात आल्या.

कागदी प्रतीची किंमत होती २० पौंड. कुशल कामगाराच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीएवढी ही रक्कम होती. श्रमाला प्रतिष्ठा मिळावी आणि सौंदर्य सर्वांच्या घरी जावे, असे आयुष्यभर सांगणाऱ्या मॉरिसचे ग्रंथ श्रीमंतांच्या कपाटांतच जाऊ शकत होते. ही विसंगती त्याच्या टीकाकारांनी दाखविली आणि तिची बोच त्यालाही होती. तथापि तिचे उत्तर त्याला सापडले नाही. चांगला कागद, चांगली शाई आणि कारागिराला सन्मानाचा मोबदला या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वस्तू महागच होते. आज चॉसरची ती प्रत अनेक मोठ्या ग्रंथसंग्रहांत आहे. ती बहुतेक वेळा काचेखाली, दोनच पाने उघडी ठेवून पाहावयास मिळते.

मॉरिसच्या मंडळींतील कॉब्डेन-सँडरसनची कथा तर त्याहून करुण आहे. वकिली सोडून तो पुस्तकबांधणीकडे वळला आणि १९०० साली त्याने वॉकरच्या भागीदारीत डव्ह्ज प्रेस सुरू केला. भागीदारी मोडली तेव्हा त्या छापखान्याचे अतिशय देखणे खिळे दुसऱ्या कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्याने १९१६-१७ च्या सुमारास रात्री-अपरात्री हॅमरस्मिथच्या पुलावरून ते सारे थेम्स नदीत टाकून दिले. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांतील थोडे खिळे नदीच्या तळातून वर काढण्यात आले. हाताच्या कामावरील प्रेम पराकोटीला पोचले की ते इतर हातांचा मत्सर करू लागते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक अगदी उलटा मार्ग अमेरिकेत शोधला गेला. १९६३ मध्ये एड रुशे या लॉस एंजेलिसच्या तरुण चित्रकाराने एक छोटे पुस्तक काढले. लॉस एंजेलिस ते ओक्लाहोमा सिटी या रस्त्यावरील २६ पेट्रोल पंपांची साधी छायाचित्रे, प्रत्येकाखाली नावगाव, आणि बाकी काही नाही. कागद साधा, छपाई बाजारी आणि किंमत काही थोडे डॉलर. पहिल्या आवृत्तीच्या ४०० प्रतींवर क्रमांक होते. परंतु पुढे १९६७ मध्ये ५०० आणि १९६९ मध्ये ३,००० प्रती काढून त्याने दुर्मिळतेचा मोहही झुगारून दिला. मॉरिसने कारागिरीचा कळस गाठून ग्रंथाला कलाकृती केले, तर रुशेने कारागिरी जवळजवळ वजा करून. पुस्तक स्वस्त असेल तर कलाकृती कोणाच्याही हाती जाईल, हा त्याचा हिशेब होता.

ग्रंथालयांशी संबंध असलेल्यांनी या पुस्तकाची एक हकीगत अवश्य लक्षात ठेवावी. वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय म्हणता येईल अशा ग्रंथालयाने, १९६३ च्या ऑक्टोबरात हे पुस्तक संग्रहात घेण्यास नकार दिला. रुशेने रागावून पत्र लिहिले नाही. त्याने १९६४ मध्ये 'आर्टफोरम' या कलाविषयक मासिकात त्या नकाराचीच जाहिरात दिली. ज्या पुस्तकाला विषय नाही, निवेदन नाही आणि उपयोग नाही, ते कोणत्या वर्गांकाखाली लावावे, हा ग्रंथपालाचा प्रश्न खोटा नव्हता. त्याच सुमारास युरोपात डीटर रोट या कलावंताने तर पुस्तकांची पाने बारीक दळून, त्यांत मसाला मिसळून, आतड्याच्या वेष्टनात भरून 'साहित्याचे सॉसेज' केले होते. ते कोणत्या फडताळात ठेवावे, याचे उत्तर कोणत्याच वर्गीकरणपद्धतीत नव्हते.

ग्रंथालयांच्या फडताळात जागा नाही आणि चित्रदालनाच्या भिंतीवर टांगता येत नाही, अशा या ग्रंथांना स्वतःचे घर हवे होते. ते १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन ठिकाणी मिळाले. सोल लेविट, ल्यूसी लिपार्ड आदींनी 'प्रिंटेड मॅटर' ही संस्था अशा ग्रंथांच्या प्रकाशन-विक्रीसाठी काढली, आणि मार्था विल्सन यांनी 'फ्रँकलिन फर्नेस' येथे त्यांचा संग्रह सुरू केला. जे ग्रंथ कोणी घेत नव्हते त्यांचा हा संग्रह १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने मानाने आपल्याकडे घेतला. पुढे 'प्रिंटेड मॅटर'ने २००६ पासून न्यूयॉर्कमध्ये खास कलाग्रंथांचा मेळा भरविण्यास आरंभ केला. या मेळ्याचे एक वैशिष्ट्य असे की मेजापलीकडे पुष्कळदा विक्रेता नसतो, तर ग्रंथ घडविणारा स्वतः बसलेला असतो. ग्राहक पुस्तक हाती घेतो, उलटतो, कागद कोठला असे विचारतो, आणि उत्तर देणारा त्या कागदाला शाई लावणाराच असतो. दैवदुर्विलास असा की रुशेच्या त्या स्वस्त पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती आज प्रचंड किमतीला विकल्या जातात आणि काचपेटीत विराजमान झाल्या आहेत. काचेपासून पळालेला ग्रंथ अखेरीस काचेतच सापडला.

या कथेचा पुढचा अध्याय भारतात घडला, आणि त्यात मराठी मुलखाचाही वाटा आहे. जर्मनीतील फ्रँकफर्टचा ग्रंथमेळा युद्धोत्तर काळात १९४९ साली २०५ जर्मन प्रदर्शकांनिशी नव्याने सुरू झाला आणि पुढे जगातील प्रकाशनहक्कांची सर्वांत मोठी पेठ बनला. १९८६ आणि २००६ या दोन वर्षी भारताला तेथे विशेष मान मिळाला. या दोहोंच्या दरम्यान, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, चेन्नईच्या एका नव्या, लहानशा प्रकाशनसंस्थेने त्या मेळ्यात एक नमुना प्रत नेली. 'तारा बुक्स' ही गीता वोल्फ यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेली ती संस्था, आणि ग्रंथ होता सिंगम नावाच्या आळशी, भुकेल्या सिंहाच्या लोककथेचा. हातकागदावर स्क्रीन-छपाईने केलेल्या त्या पुस्तकाची चित्रे इंद्रप्रमित रॉय यांची होती. रॉय यांचे शिक्षण शांतिनिकेतन व वडोदरा येथे झाले आणि पुढे वडोदऱ्याच्याच महाराज सयाजीराव विद्यापीठात त्यांनी चित्रकलेचे अध्यापन केले. त्या सिंहासाठी त्यांनी आधार घेतला तो वारली चित्रशैलीचा.

एका कॅनेडियन प्रकाशनसंस्थेला तो नमुना आवडला आणि तिने मागणी नोंदविली : ८,००० प्रती, आणि त्या नमुन्यासारख्याच, हातकागदावर हाताने छापलेल्या. ग्रंथमेळ्याच्या दृष्टीने ८,००० हा मध्यम आकडा. हाताच्या दृष्टीने तो डोंगर होता. स्क्रीन-छपाईत प्रत्येक रंगासाठी जाळीची वेगळी चौकट लागते. ताव खाली ठेवायचा, चौकट बसवायची, शाई ओढायची, ताव काढून वाळत घालायचा, आणि तो वाळल्यावर पुढच्या रंगासाठी पुन्हा तेच. एका तावावर तीन रंग धरले तर त्या एकाच तावासाठी ८,००० प्रतींना २४,००० वेळा हात फिरवावा लागतो. त्यानंतर घडी आणि शिवण उरतेच. सी. आरुमुगम यांच्या देखरेखीखाली कारागिरांनी कित्येक महिने खपून हे काम पुरे केले, आणि त्यातून संस्थेची कायमची हस्तछपाई-शाळा आकारास आली. मॉरिसला न सुटलेल्या कोड्यापुढे चेन्नईत एक वेगळा पर्याय उभा राहिला. थोड्या प्रती अतिशय महाग करण्याऐवजी पुष्कळ प्रती बेताच्या किमतीत, आणि तरीही हातानेच. यात हाताच्या मजुरीचा भारतातील दर हाही एक घटक आहे, हे नाकारून चालणार नाही. म्हणूनच त्या कारागिरांना काय मिळते आणि त्यांचे नाव कोठे येते, हा प्रश्न येथे अधिकच टोकदार होतो.

वारली चित्रांच्या बाबतीत तो विशेष जाणवतो. डहाणू-तलासरी परिसरात लग्नाच्या वेळी घराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहिला जातो. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. कोणी खाली सही करीत नाही, आणि लग्न उरकले की चित्र हळूहळू पुसून जाते. भास्कर कुलकर्णी या मराठी कलावंताने १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधील मधुबनीच्या स्त्रियांना कागद दिला होता. त्यांनीच पुढे सत्तरच्या दशकारंभी वारली पाड्यांवरही कागद नेला. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर रोजच्या जगण्याची चित्रे काढली आणि वारली रेषेला जगात नाव मिळवून दिले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. तथापि भिंतीवरून कागदावर आलेली ही रेषा लवकरच चादरी, पेले आणि भेटकार्डे यांवर पसरली, आणि तेथे पुन्हा कोणाचे नाव उरले नाही.

या पार्श्वभूमीवर 'ताराने' २००९ मध्ये काढलेले 'डू!' हे छोटे पुस्तक पाहावे. विषय साधा आहे : माणसे करतात त्या क्रिया. चित्रे आहेत रमेश हेंगाडी, शांताराम धडपे, रसिका हेंगाडी आणि कुसुम खरपडे या वारली चित्रकारांची. तपकिरी कागद भिंतीची आठवण देतो आणि पांढरी शाई तांदळाच्या पिठाची. सिंहाच्या पुस्तकात वारली रेषा वडोदऱ्याच्या चित्रकाराने उसनी घेतली होती. येथे ती ज्यांची त्यांच्याच हातांनी आली, आणि नावानिशी आली. १८८८ च्या सूचिपत्रात कारागिराचे नाव छापण्याचा जो आग्रह होता, तोच १२१ वर्षांनी ग्रंथावर उतरला, असे म्हणता येईल.

मध्य प्रदेशातील गोंड चित्रकारांच्या बाबतीतही असेच घडले. पाटनगढच्या जनगढसिंग श्याम या तरुणाची कला जगदीश स्वामीनाथन यांच्या सहकाऱ्यांनी हेरली आणि १९८२ मध्ये उघडलेल्या भोपाळच्या भारत भवनात तिला स्थान मिळाले. त्याच परंपरेतील भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती यांच्या चित्रांचा 'द नाईट लाइफ ऑफ ट्रीज' हा ग्रंथ 'ताराने' २००६ मध्ये काढला. दिवसा झाडे इतरांच्या सेवेत असतात आणि रात्री ती आपल्या खऱ्या रूपात उजळतात, अशी गोंड कल्पना त्याच्या मुळाशी आहे. हा ग्रंथ काळ्या हातकागदावर छापलेला आहे, आणि येथे हस्तछपाई हा केवळ हौसेचा भाग नाही. नेहमीच्या यांत्रिक छपाईची शाई पारदर्शक असते, ती काळ्या कागदात बुडून जाते. जाळीतून हाताने ओढलेली शाई जाड व अपारदर्शक असते, म्हणून पिवळी-पांढरी रेषा काळोखावर ठसठशीत उमटते. पानावरून बोट फिरविले तर ती बोटाला लागते. म्हणजे या ग्रंथाचा आशय हस्तछपाईवाचून उमटलाच नसता. इटलीतील बोलोन्या येथे १९६४ पासून भरणाऱ्या बालग्रंथांच्या मेळ्यात २००८ मध्ये त्याला 'न्यू होरायझन्स' विभागाचा रागात्सी पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये त्याच मेळ्यात आशिया खंडातील सर्वोत्तम बालप्रकाशक म्हणून 'तारा'चा गौरव झाला. २०१७-१८ मध्ये टोकियोच्या इताबाशी कलासंग्रहालयाने या संस्थेच्या ग्रंथांचे स्वतंत्र प्रदर्शन मांडले.

येथे मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. बोटाला लागणारी रेषा काचेतून दिसते, पण कळत नाही. ताज्या शाईचा आणि कागदाचा वास काचेतून येत नाही. पान उलटताना मागचे चित्र क्षणभर पुढच्या चित्रावर झुकते, तो अनुभव दोनच पाने उघडी ठेवलेल्या पेटीत मिळत नाही. उलटपक्षी मेळ्यात हजारो हात लागले की प्रत चार दिवसांत मळते, शिवण ढिली होते. पोथीच्या लेखनिकाला भेडसावणारी तेल, पाणी आणि सैल बांधणीची भीती आजही तशीच आहे. अनुभवी प्रकाशकांनी यावर साधी तोड काढली आहे. विक्रीच्या प्रती वेष्टनात ठेवायच्या आणि एक प्रत चाळण्यासाठी मेजावर सोडून द्यायची. ती खराब होणार हे आधीच मान्य करायचे. एका प्रतीच्या त्यागावर बाकीच्या प्रतींचे परिचय होतात. काच आणि हात यांच्या भांडणात आजवर सापडलेला हाच त्यातल्या त्यात समंजस तह होय.

ग्रंथालयांना हा तह मुळीच अपरिचित नाही. किंबहुना सार्वजनिक ग्रंथालय उभे आहे ते याच करारावर. प्रत झिजेल, कोपरे दुमडतील, पुन्हा बांधणी करावी लागेल, तरी ती घरोघर गेली पाहिजे. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० पासून विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने जी ग्रंथालय-चळवळ उभारली, तिच्यात फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव जात असत. त्या पेट्यांना काच नव्हती. पेटी होती ती ग्रंथ वाचकापर्यंत सुखरूप नेण्यासाठी.

आणि हस्तनिर्मित ग्रंथ हाही मराठी ग्रंथालयांना परका नाही. शाळा-महाविद्यालयांतून, मित्रमंडळांतून आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी संस्थांतून 'हस्तलिखित' काढण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सुवाच्य अक्षराच्या विद्यार्थ्याने मजकूर उतरवायचा, चित्रकलेची आवड असणाऱ्याने शीर्षके रंगवायची, कोणी वेलबुट्टीची चौकट काढायची, कोणी जाड पुठ्ठ्याला कापड लावून बांधणी करायची, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी तो एकुलता एक अंक मेजावर मांडायचा. न्यूयॉर्कच्या मेळ्यात आज ज्याला कलावंताचा ग्रंथ म्हणतात, त्याचे सर्व गुण या अंकात असत. एकच प्रत, हाताचे अक्षर, घडविणाऱ्यांची नावे शेवटच्या पानावर, आणि घडविणारेच मेजामागे उभे. फरक इतकाच, की संमेलन संपल्यावर तो अंक कपाटाच्या वरच्या खणात गेला. त्याला दाखल क्रमांक मिळाला नाही, कारण तो विकत घेतलेला नव्हता. त्याला वर्गांक मिळाला नाही, कारण तो कोणत्याच विषयाचा नव्हता. लायब्ररी ऑफ काँग्रेसने रुशेच्या पुस्तकाला जे उत्तर दिले, तेच उत्तर, तितक्याच निरागसपणे, आपल्या कपाटांनी या हस्तलिखितांना दिले.

शताब्दी हा मोजदादीचा प्रसंग असतो. देणग्या, सभासदसंख्या आणि ग्रंथसंख्या यांचे आकडे मांडले जातात, ते मांडलेच पाहिजेत. त्याबरोबर वरच्या खणातील ही हस्तलिखिते खाली काढून, धूळ झटकून, त्यांना दाखल क्रमांक देणे हेही त्याच मोजदादीचे अंग ठरेल. ज्यांची शिवण अगदी जीर्ण झाली असेल ती काचेत ठेवावीत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. परंतु ज्यांची पाने अजून धड आहेत त्यांतील एखादे तरी वाचनकक्षाच्या मेजावर उघडे असावे आणि जवळ ते कोणी लिहिले, कोणी रंगविले, कोणी बांधले याची चिठ्ठी असावी. हात धुऊन या, एवढी सूचना पुरे. पोथीच्या लेखनिकानेही याहून फारसे अधिक मागितले नव्हते.